महिन्याला एक इंच: मणक्याच्या ऑपरेशननंतर नस सुधारताना रात्री कशा काढायच्या

ऑपरेशननंतरच्या सहाव्या रात्री पावणेतीन वाजता मी मुलीला हाक मारली आणि म्हणाले, "माझ्या पायात कुणीतरी करंट सोडतंय गं." ती दचकून उठली. डाव्या पायाच्या अंगठ्यापासून नडगीच्या बाहेरच्या अंगाने एक कळ सटकन वर जायची, थांबायची, पुन्हा यायची. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पायाचं दुखणं हाताने काढून घेतल्यासारखं गेलं होतं, आणि आता हे. मला वाटलं, ऑपरेशन फसलं. पहाटेपर्यंत आम्ही दोघी जाग्या होतो.

ऑपरेशन फसलं नव्हतं. नस सुधारताना असं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. घरी सोडताना जो कागद मिळाला त्यावर गोळ्या होत्या, टाके काढायची तारीख होती, "वाकू नये, वजन उचलू नये, विश्रांती घ्यावी" एवढं होतं. रात्री डोळ्याला डोळा लागणार नाही आणि तेव्हा काय करायचं, यावर एक ओळ नव्हती. ती ओळ जरा सविस्तर लिहावी म्हणून बसले आहे.

मी कराडला राहते, २३ वर्षं ब्लाउज शिवते आहे. २०२३ च्या जूनमध्ये एल फोर आणि एल फाइव्ह या दोन मणक्यांमधली गादी सरकली आणि डाव्या पायाची नस दबली. पाऊल वर उचलेना. चालताना चप्पल मागे राहायची आणि मला कळायचंही नाही. डॉक्टर याला फूट ड्रॉप म्हणतात. मायक्रोस्कोपमधून पाहत छोट्या छेदातून गादीचा बाहेर आलेला तुकडा काढला, त्याला मायक्रोडिस्केक्टॉमी म्हणतात. तिसऱ्या दिवशी घरी आले. पुढे जे सांगते ते या एका प्रकारच्या ऑपरेशनमधून आलेलं आहे. तुमचं मानेचं असेल, स्क्रू-रॉड घातले असतील, तर वळण्या-बसण्याचे नियम वेगळे असतात, तिथे तुमच्या सर्जनचा शब्द धरा.

आधी एक गोष्ट, जी झोपेपेक्षाही महत्त्वाची आहे. काही लक्षणं सकाळपर्यंत थांबवायची नसतात. लघवी अडकली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला. सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आला. पायातली ताकद कालच्यापेक्षा आज कमी झाली किंवा दुसरा पायही कमजोर वाटायला लागला, तर रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. थंडी वाजून ताप, जखमेतून पाणी किंवा पू, उठून बसलं की वाढणारं आणि आडवं पडलं की कमी होणारं डोकं दुखणं, एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम आणि दुखरी होणं, हेही त्याच दिवशी दाखवायचं. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८ ला फोन. ही यादी मी मुलीकडून मोठ्या अक्षरात लिहून घेऊन कपाटाच्या दारावर चिकटवली होती. त्याने एक फायदा झाला: रात्री काहीही झालं की आधी ती यादी वाचायची. त्यातलं काही नसेल तर जीव थोडा खाली यायचा.

पायात नेमकं काय चाललेलं असतं

फिजिओ मॅडमनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. ब्लाउजच्या गळ्याला आपण पायपिंग लावतो. आत दोरी, वर कापडाचं वेष्टण. नस तशीच असते, फक्त आत एक दोरी नसून हजारो धागे असतात आणि प्रत्येकाला आपलं वेष्टण असतं. गादी दाबून बसली की कुठे नुसतं वेष्टण चेंगरतं, कुठे आतला धागाच तुटतो. वेष्टण चेंगरलं असेल तर दाब गेल्यावर काही आठवड्यांत, दोन-तीन महिन्यांत ते भरून येतं. धागा तुटला असेल तर तो दाबाच्या जागेपासून खाली नव्याने वाढत जावा लागतो, आणि त्याचा वेग असतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे महिन्याला इंचभर.

हे ऐकून घरी आल्यावर मी गळ्यातली टेप काढली आणि मुलीला मोजायला लावलं. कमरेच्या टाक्यापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत ४१ इंच भरले. महिन्याला एक इंच म्हणजे साडेतीन वर्षं. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, सगळीच्या सगळी नस नव्याने वाढायची नसते. बरेचसे धागे शाबूत असतात, त्यांचं नुसतं वेष्टण दुरुस्त व्हायचं असतं. सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या काही महिन्यांत दिसते, पुढे वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ हळूहळू होत राहते. आणि थोडं उरूही शकतं. हे त्यांनी आधीच सांगितलं याबद्दल मी त्यांची आभारी आहे. बहुतेकांत आधी दुखणं जातं, मग ताकद येते, बधिरपणा सर्वांत शेवटी हलतो. हा क्रम लक्षात ठेवा, नाहीतर "अजून बधिर आहे म्हणजे काहीच सुधारलं नाही" असं वाटत राहतं.

सुधारणारी नस शांत बसत नाही. करंट, मुंग्या, चटके, बर्फाचं पाणी ओघळल्याचा भास, पोटरीत गोळा, हे सगळं त्यात येतं. झ्यूल टिनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या नसा तपासताना लिहून ठेवलं होतं की नसेवर टिचकी मारली की पुढे मुंग्या येतात आणि ती वाढणाऱ्या धाग्यांची खूण असते. त्यांनी त्या संवेदनेला जो फ्रेंच शब्द वापरला तोही मुंगीवरूनच आलेला आहे. मॅडमनी हे सांगितलं त्या रात्री मुंग्या आल्या तेव्हा मी पहिल्यांदाच घाबरले नाही. पण हेही सांगते, प्रत्येक मुंगी म्हणजे सुधारणा असं नाही. ऑपरेशनच्या जागी सूज असते, ती पहिल्या एक-दोन आठवड्यांत नसेला चिडवते, त्यानेही असंच होतं. रात्रीची एकेक कळ तपासत बसू नका. आठवड्यातून एकदा हिशोब करा.

तो हिशोब मी ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानांवर ठेवला. दर रविवारी सकाळी चार गोष्टी: दुखणं दहापैकी किती, अंगठा किती उचलतो, बधिर भाग कुठून कुठपर्यंत, आठवड्यात किती रात्री चार तासांपेक्षा जास्त झोप झाली. बधिर भाग मोजायला कापूस फिरवायचा आणि जिथे स्पर्श बदलतो तिथे शिंप्याच्या खडूने खूण करायची. ताकद फिजिओ पाचपैकी मोजतात. माझा अंगठा ऑपरेशननंतर पाचपैकी दोन होता, म्हणजे पाय आडवा ठेवला तर हलायचा, स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलायचा नाही. रोज बघितलं तर काही दिसत नाही. पाचव्या रविवारी मागची पानं चाळली तेव्हा खडूची रेघ घोट्यावरून दोन बोटं खाली सरकलेली होती.

रात्रच का वैरीण होते

दिवसा माणसं असतात, आवाज असतात, मेंदूला दुसरी कामं असतात. रात्री पाय आणि आपण दोघंच उरतो. त्यातच शरीर स्वतः तयार करतं ते सूज आवरणारं कॉर्टिसॉल रात्री सर्वांत कमी असतं, आणि संध्याकाळी घेतलेल्या वेदनाशामक गोळीचा असर मध्यरात्रीनंतर ओसरतो. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त वाटतं, आणि जास्त दुखलं की पुन्हा झोप नाही. हा फेरा कुठेतरी तोडायचा असतो. माझा अनुभव असा की तो रात्री तुटत नाही, दिवसा तोडावा लागतो.

अंथरूण आणि खोका

जमिनीवर झोपू नका. जमिनीवरून उठताना कंबर वाकतेच. पलंगाच्या कडेवर बसल्यावर पावलं जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा वर जाणार नाहीत एवढी उंची हवी. आमचा दिवाण बुटका होता, ह्यांनी त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठोकून घेतले. गादी कापसाची, फार मऊ नाही.

उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी. कुशीवर झोपताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी, आणि ती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरली पाहिजे. नुसती गुडघ्यात धरलेली उशी रात्रीत निसटते, वरचा पाय पुढे पडतो आणि कंबर पिळली जाते. मी जुन्या दोन चादरी घट्ट गुंडाळून, त्यावर खोळ शिवून लांबट लोड केला. पालथं झोपायचं नाही. कूस बदलताना खांदे आणि कंबर एकदम, लाकडाच्या ओंडक्यासारखं वळायचं. उठतानाही आधी कुशीवर, मग पाय खाली सोडत हाताच्या जोरावर वर. हे जागेपणी वीस वेळा घोटून घ्या, कारण रात्री अर्धवट झोपेत जुनी सवय वर येते.

आता खोक्याबद्दल. तिसऱ्या आठवड्यात माझ्या पावलाला चादरीचा स्पर्शसुद्धा सोसेना. वरून बधिर आणि तरी चादर लागली की भाजल्यासारखं. कोयना-कृष्णेच्या काठचं गाव, पावसाळ्यात डास मरणाचे, पाय उघडा ठेवायची सोय नाही. तेव्हा अस्तराचे तागे ज्यातून येतात तो पुठ्ठ्याचा खोका घेतला, वरचं झाकण काढून टाकलं आणि माझ्याकडची एक बाजू कात्रीने कमानीसारखी कापली. तो पालथा पायथ्याशी ठेवायचा, त्यात पावलं, आणि चादर खोक्यावरून. बोटांच्या वर चार बोटं मोकळी जागा राहते. चादरीचं वजन खोक्यावर पडतं. त्या रात्री मी सलग तीन तास झोपले. दवाखान्यात यासाठी लोखंडी चौकट मिळते, पण खोका फुकट आहे आणि लागला तरी टोचत नाही.

बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी कधीच लावू नका. मी बादलीत पाय सोडून बसले होते, बरं वाटतंय म्हणून. पाणी किती कढत आहे हे डाव्या पायाला कळलंच नाही. संध्याकाळी मोजा काढताना मुलीला घोट्यापाशी पाण्याने भरलेला फोड दिसला. तो भरायला १८ दिवस गेले. पाणी कोपराने तपासा. बर्फही थेट नको. रोज झोपण्याआधी तळवा आरशात बघा किंवा घरच्यांना बघायला सांगा: खडा टोचलाय का, चप्पल घासली आहे का. संडासच्या वाटेवरची पायपुसणी उचलून ठेवा, एक मंद दिवा रात्रभर चालू राहू द्या, आणि रात्री उठताना मागे पट्टा असलेली सँडल घाला. पाऊल लोंबतं तोवर सपाता घातल्या की पडायची हमी.

चिंध्यांची पिशवी

स्पर्श सोसत नाही म्हणून आपण तो भाग जपत राहतो, आणि जेवढा जपावा तेवढा तो चिडका होतो. मेंदूला पुन्हा सांगावं लागतं की हे कापड आहे, हा विस्तव नाही. मॅडम म्हणाल्या, वेगवेगळ्या पोताच्या वस्तू रोज त्या जागेवर फिरवा. शिवणाऱ्या बाईकडे याची काय कमतरता. मी चिंध्यांच्या पोत्यातून आठ तुकडे निवडले आणि मऊपासून खरखरीतपर्यंत क्रम लावला: सॅटिन, जुनं मलमल, अस्तराचं कॉटन, टेरिकॉट, खणाचं कापड, टॉवेलचा तुकडा, पैठणीच्या काठाची उलटी बाजू, आणि शेवटी गोणपाट. दिवसातून तीन-चार वेळा, पाच पाच मिनिटं. आधी चांगल्या पायावर तो तुकडा फिरवायचा, डोळे मिटून तो स्पर्श नीट ध्यानात घ्यायचा, मग त्याच जागी दुखऱ्या पायावर. सॅटिन सहज सोसायला लागलं की मलमल. घाई नाही. जखमेवर, फोडावर किंवा टाक्यांवर हे करायचं नाही.

पहिल्या दिवशी सॅटिनसुद्धा मला काचेच्या चुऱ्यासारखं लागलं आणि मी अर्ध्या मिनिटात थांबले. टेरिकॉटवर मी अकरा दिवस अडकले होते. ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी डोळे मिटून बसले असताना मुलीने कोणता तुकडा फिरवला ते मी ओळखलं, "खण, काठाजवळचा." तिने पुन्हा फिरवला. पुन्हा बरोबर आलं. झोपायच्या तासभर आधीची फेरी मात्र सौम्य ठेवा, शेवटच्या दोन खरखरीत तुकड्यांना तेव्हा हात लावू नका, नाहीतर नस चिडून उठते.

झोपेची तयारी

सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेलेली असो. माझी सहाची. रात्रभर जागून पहाटे पाचला डोळा लागला असेल तेव्हा सहाला उठणं फार जिवावर येतं, पण नऊपर्यंत लोळलं की पुढची रात्र हातची गेलीच. उठून उजेडात जायचं. पहिले तीन आठवडे गच्चीच्या दारात, पुढे प्रीतिसंगमाच्या बागेत. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावतो.

दिवसा झोप यायची तेव्हा अर्धा तास, तीनच्या आत. गजर लावून. चालणं पहिल्या आठवड्यात पाच पाच मिनिटांचं, दिवसातून सहा-सात वेळा, मग दर आठवड्याला थोडं वाढवत. सहाव्या आठवड्यात मी सलग २५ मिनिटं चालत होते. ज्या दिवशी चालणं कमी झालं त्या रात्री झोप वाईट गेली, हे वहीत अगदी स्वच्छ दिसतं. उत्साहाच्या भरात दुप्पट चाललं तर तीही रात्र वाईट.

चहाबद्दल सांगताना माझ्याच जिवावर येतं. चहातलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचचा चहा रात्री दहाला अर्धा अंगातच असतो. शेवटचा चहा दुपारी दोनला. पाचला गवती चहा आणि आलं उकळून, चहापूड न घालता. भेटायला येणाऱ्यांनाही सांगून टाकलं की दुपारी तीन ते सहा या. रात्री नऊला येऊन "आमच्या चुलत्यांचं असंच ऑपरेशन झालं आणि ते अंथरुणालाच खिळले" असं सांगणारी माणसं असतात, त्यांच्यापासून रुग्णाला वाचवणं हे घरच्यांचं काम आहे.

रात्री घड्याळ नजरेआड करा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. "दोन वाजले, आता चारच तास उरले" हा हिशोब झोपेचा शत्रू आहे. आणि अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही, तर ओंडक्यासारखं वळून उठा. अंथरुणात तळमळत पडलं की मेंदूला सवय लागते, अंथरूण म्हणजे तळमळ. उठून काय करायचं? मी माझ्या कटिंगच्या टेबलापाशी जायची. ते उभ्याने काम करायच्या उंचीचं आहे, वाकावं लागत नाही. झिरोच्या दिव्याखाली गुंड्या रंगाप्रमाणे डब्यांत लावायच्या. काळ्या, करड्या, चॉकलेटी. कंटाळवाणं, हलकं, हाताला लागलेलं काम. दहा-पंधरा मिनिटांनी पापण्या जड झाल्या की परत अंथरुणावर. काही रात्री तीन तीन फेऱ्या झाल्या. साधारण बारा रात्रींनंतर एकच व्हायला लागली. चक्कर येत असेल किंवा पहिलाच आठवडा असेल तर एकट्याने उठू नका, कुणाला तरी सोबत घ्या.

अंथरुणावर पडल्यावर श्वास: आत घेताना चार आकडे, सोडताना सहा. सासूबाईंनी आपली जपाची माळ दिली, एका मण्याला एक श्वास. १०८ पूर्ण होईतो मी क्वचितच जागी असायची. कळ आली तर श्वास थांबवायचा नाही, मणी तेवढा पुढे सरकवायचा.

गोळ्यांबद्दल

नसेच्या दुखण्याला साधी वेदनाशामक फारशी पुरत नाही, म्हणून गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन देतात. मी प्रीगॅबालिन रात्री दहाला जेवून लगेच घ्यायची आणि एक वाजेपर्यंत तळमळायची. जेवणावर घेतली की तिचा असर पूर्ण चढायला तीनेक तास लागतात. डॉक्टरांना वहीतली पानं दाखवली तेव्हा त्यांनी वेळ अलीकडे, आठला आणली. गोळी तीच, मात्रा तीच, फरक वेळेचा. तुमची वेळ तुम्ही मनाने बदलू नका, विचारा. सूज उतरवायला स्टेरॉइड दिलं असेल तर ते झोप उडवतं, ते सकाळी घेतलं तर चालेल का हेही विचारा. ह्या नसांच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू उतरवायच्या असतात. ट्रामाडॉलसारखी जोरदार वेदनाशामक चालू असताना त्यावर शेजाऱ्यांची झोपेची गोळी किंवा दारू घेणं जिवावरचं आहे, श्वास मंदावतो. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहिते, कारण आमच्या गल्लीत चांगल्या मनाने गोळी देऊ केलेल्या दोन बायका होत्या.

त्याच गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथलं की कमरेत कळ जाते. रात्री कोमट पाण्यात इसबगोल, दिवसा पपई, भरपूर पाणी, आणि काही दिवस कमोडची खुर्ची. रक्तातली साखर आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. शाकाहारी माणसांत बी-ट्वेल्व्ह कमी असणं फार आढळतं, माझंही कमी निघालं, आणि दोन्हींपैकी काहीही बिघडलेलं असेल तर नस सुधारायला अडथळा येतो. नस बसवून देतो, मणका चोळून देतो म्हणणाऱ्या कुणाच्याही हातात पाठ देऊ नका.

मनाचं

झोप न झालेल्या माणसाचं मन पहाटे तीनला जे सांगतं ते खरं धरू नका. मला वाटायचं, आता मशीनवर पाय चालणार नाही, मुलीचं शिक्षण अडणार, ह्यांच्यावर भार होणार. सकाळी सातला याच गोष्टी एवढ्या मोठ्या वाटायच्या नाहीत. पण महिनाभर रोज रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा, पायाइतकंच ते दुखणं आहे. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात. मी दोनदा लावला होता.

कामावर परतताना मी पायडल सोडून मशीनला मोटर बसवली आणि तिचा दाब उजव्या पायाखाली घेतला. बसायचं किती, याला माझं माप बॉबिन. माझ्या वेगाने एक बॉबिन अर्ध्या तासाच्या आत संपते. संपली की उठायचं, खोलीत चार फेऱ्या, मग नवी भरायची. आजही तेच करते. आज अंगठा पाचपैकी चार आहे. पावलाच्या वर रुपयाएवढा भाग अजून बधिर आहे.

नवव्या आठवड्यातली एक रात्र लिहिते. जाग आली होती, किती वाजले होते माहीत नाही. पाय खोक्यात. मॅडमनी सांगितलेला व्यायाम मी पडल्या पडल्या करत होते: मनाशी म्हणायचं, "उचल", आणि अंगठ्याला हुकूम पाठवायचा, हलो न हलो. शेकडो वेळा काही झालं नव्हतं. त्या रात्री अंधारात पायथ्याशी टक असा आवाज आला. मला वाटलं पाल असेल. पुन्हा हुकूम दिला, पुन्हा टक. माझा अंगठा चार बोटं वर येऊन पुठ्ठ्याला लागत होता. मी उचलत राहिले. शेजारच्या खाटेवरून मुलगी झोपेतच म्हणाली, "आई, काय वाजतंय?"